संस्थेच्या दफ्तरासाठी मोफत एआय साधने: कोणते काम सोपवावे आणि कोणते सोपवू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील ८४ सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे तुम्ही मानद सचिव आहात, नोकरी सांभाळून रात्री संस्थेचे काम करता, आणि सभेचे इतिवृत्त, सूचना, महापालिकेशी पत्रव्यवहार व थकबाकीची यादी यांत तुमचे शनिवार-रविवार निघून जातात. मोफत एआय साधनांच्या याद्या वाचून तुम्ही सात-आठ ठिकाणी खाती उघडलीत. पण एकाच कामासाठी चार ठिकाणी फिरण्यात उलट जास्त वेळ जाऊ लागला. म्हणून यांपैकी नेमकी कोणती ठेवावीत आणि शेवटी पैसे भरावेच लागतात का, असे तुम्ही विचारले आहे. मी मुंबई-ठाणे परिसरातील गृहनिर्माण संस्थांचे दफ्तर आणि हिशेब लिहिण्याचे काम व्यवसाय म्हणून करते व ही साधने रोज वापरते. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

साधनांच्या निवडीला तुम्ही जितके महत्त्व देत आहात तितके ते नाही, हे आधी सांगते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. पाठोपाठ गूगलचे बार्ड आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचेच नाव जेमिनाय झाले. मायक्रोसॉफ्टचे कोपायलट आणि अँथ्रॉपिकचे क्लॉड हेही आहेत. संस्थेच्या पत्रव्यवहारापुरते पाहिले तर या सर्वांच्या मोफत आवृत्त्या साधारण सारखेच काम करतात. यांपैकी हाताला बसेल ते कोणतेही एक ठेवा. निवड करायची आहे ती कामांची. ती करताना मी एक कसोटी लावते: साधनाने दिलेला मजकूर माझ्यापुढच्या कागदाशी ताडून पाहता येतो का, आणि तसे ताडायला मूळ काम हाताने करण्यापेक्षा कमी वेळ लागतो का. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर काम सोपवावे. ही साधने पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे यावरून मजकूर रचतात. त्यामुळे खरी गोष्ट सांगताना आणि चुकीची सांगताना त्यांच्या भाषेतला ठामपणा सारखाच असतो, आणि नुसते वाचून चूक कळत नाही.

काही गोष्टी अर्थातच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या संस्थेचे दफ्तर मराठीत आहे की इंग्रजीत, तुमच्याकडे संगणक आहे की सगळे भ्रमणध्वनीवर चालते, हिशेब एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत की एक्सेलमध्ये, आणि जुनी कागदपत्रे कोणत्या अवस्थेत आहेत, यांवरून तपशील बदलेल. तुमच्या लिखाणावरून दफ्तर मराठीत आहे आणि हिशेब एक्सेलमध्ये आहेत असे गृहीत धरून मी लिहीत आहे.

इतिवृत्तापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त वेळ तिथेच वाचतो आणि सर्वांत जास्त धोकाही तिथेच आहे. संपूर्ण सभेचे ध्वनिमुद्रण करून ते साधनाला द्यावे हा मोह होतो. वार्षिक सभेत एकाच वेळी चार जण बोलतात, मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात येतात, पंखे आणि लहान मुले यांचा आवाज वेगळाच. अशा मुद्रणावरून वापरण्याजोगा मराठी मजकूर मोफत साधनांतून अजून मिळत नाही. त्याऐवजी सभा संपल्यावर त्याच रात्री, सगळे लक्षात असताना, आपल्या टिपणांवरून स्वतः बोलून मजकूर लिहून घ्यावा. गूगल डॉक्समध्ये क्रोम ब्राउझर वापरून ‘व्हॉइस टायपिंग’ सुरू केले आणि भाषा मराठी निवडली की शांत खोलीत ते चांगले चालते. भ्रमणध्वनीवर जीबोर्डच्या कळफलकातील माइकही तेच काम करतो. मराठीत विरामचिन्हे बहुधा येत नाहीत, त्यामुळे सलग एक लांबलचक मजकूर तयार होतो. तो चॅटजीपीटीला किंवा जेमिनायला द्यायचा. पूर्वी ज्या कच्च्या मसुद्यात अख्खी संध्याकाळ जात असे, तो आता रात्रीच्या जेवणाआधी तयार होतो.

मात्र देताना काय सांगता यावर सगळे अवलंबून आहे. एक प्रसंग जवळून दाखवते. टिपण असे होते: “पाण्याची टाकी गळती. तीन दरपत्रके. सर्वांत कमी ४८,०००. सदनिका ३०२ यांचा आक्षेप, आधी अभियंत्याचा अहवाल हवा. पुढच्या सभेत.” यावरून ‘इतिवृत्त तयार करा’ एवढेच सांगितल्यावर साधनाने लिहिले की सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली, सर्वांत कमी दराचे दरपत्रक सर्वानुमते मंजूर करण्यात आले आणि समितीस पुढील कार्यवाहीचे अधिकार देण्यात आले. मराठी निर्दोष, मांडणी नेटकी, आणि आशय पूर्णपणे खोटा. हजारो इतिवृत्तांत ‘सर्वानुमते मंजूर’ हेच शब्द येतात, म्हणून त्याने ते इथेही घातले. आक्षेप घेणाऱ्या सदस्याने हे इतिवृत्त घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार केली असती तर सचिवाला उत्तर देणे अवघड झाले असते.

म्हणून मी आता सूचना अशी देते: “खालील टिपणात जे आहे तेवढेच औपचारिक मराठीत लिहा. ठराव झाल्याचे टिपणात स्पष्ट लिहिलेले नसेल तर ठराव लिहू नका. सूचक, अनुमोदक, मतांची संख्या किंवा रक्कम टिपणात नसेल तर त्या जागी ‘माहिती भरावी’ असे लिहा. कोणाच्या बोलण्याचा अर्थ लावू नका.” एवढे सांगितल्यावर त्याच टिपणाचा मसुदा “सदनिका ३०२ च्या सदस्यांनी अभियंत्याचा अहवाल आधी घ्यावा असा आक्षेप नोंदवला, विषय पुढील सभेत ठेवण्याचे ठरले” असा आला. ‘माहिती भरावी’ ही सूचना विशेष उपयोगी आहे, कारण साधनाला रिकामी जागा दिली नाही तर ते ती स्वतःच्या कल्पनेने भरते. तरीही अंतिम मसुदा टिपणाशी ओळीओळीने ताडून पाहावा. मी तो मोठ्याने वाचते. डोळ्यांतून निसटलेला जादा शब्द कानाला लगेच खटकतो.

सूचना आणि पत्रे यांचे काम त्या मानाने सोपे आहे. पाणी बंद राहण्याची सूचना, वाहनतळाची सूचना, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला स्मरणपत्र, ठेकेदाराला नोटीस हे सगळे मसुदे ही साधने चटकन देतात, परंतु त्यांची मराठी अनेकदा भाषांतरित वाटते. यावर साधा उपाय असा की तुमच्या दफ्तरातील दोन-तीन जुनी चांगली पत्रे नावे काढून आधी द्यावीत आणि ‘याच धाटणीत लिहा’ असे सांगावे. धाटणीबद्दल परिच्छेदभर समजावून सांगण्यापेक्षा नमुना दिल्याने फार चांगले पत्र येते. दिनांक, जावक क्रमांक आणि संदर्भपत्राचा तपशील स्वतः भरावा. सूचनेतील दिनांक आणि वार जुळतो का हेही दिनदर्शिकेत पाहावे, कारण इथे ही साधने अजूनही चुकतात.

आता नियमांचा भाग, ज्याविषयी तुम्ही थोडेच लिहिले आहे, पण माझ्या अनुभवात मोफत साधनांचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे. बहुतेक सचिव चॅटजीपीटीला विचारतात, ‘थकबाकीवर किती व्याज लावता येते?’ किंवा ‘वार्षिक सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी?’ उत्तर लगेच येते, कलमासह येते, आणि अनेकदा जुन्या माहितीवर बेतलेले असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे, पण २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण १३-ब आले. त्यानंतर थकबाकी वसुलीसाठी गृहनिर्माण संस्थांनी कलम १५४ब-२९ पाहायचे असते. महाजालावरील बराच मजकूर मात्र अजून आधीच्या कलम १०१ चा आहे, आणि साधन तेच सांगून मोकळे होते. व्याजाचेही तसेच. २०१४ च्या आदर्श उपविधींत (संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांत) वार्षिक २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभा ठरवते. तुमच्या सभेने १२ टक्के ठरवले असतील तर साधनाने सांगितलेला २१ चा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. शिवाय तुमच्या संस्थेने कोणत्या वर्षीचे उपविधी स्वीकारून नोंदवले आहेत, हे जगातल्या कोणत्याही साधनाला माहीत असण्याचे कारण नाही.

इथे गूगलचे नोटबुकएलएम वापरावे. हे साधन तुम्ही दिलेल्या कागदपत्रांच्या आधारे उत्तर देते. मोफत आवृत्तीत एका वहीत (त्यातील ‘नोटबुक’मध्ये) ५० पर्यंत कागदपत्रे ठेवता येतात, जे एका संस्थेला पुरेसे आहे. तुमच्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी, गेल्या काही वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, लेखापरीक्षण अहवाल आणि शासनाची तुम्हाला लागू असलेली परिपत्रके एका वहीत ठेवा. मग ‘वाहनतळाच्या शुल्काबद्दल आपल्या सभेने आजवर कोणते ठराव केले आहेत?’ असे विचारा. उत्तरातील प्रत्येक विधानापुढे छोटा क्रमांक येतो आणि त्यावर क्लिक केले की मूळ कागदातील ती ओळच उघडते. उत्तर स्वीकारायचे ते हा क्रमांक उघडून मूळ ओळ वाचल्यावरच. मी वर जी कसोटी सांगितली ती इथे साधनातच बसवलेली आहे, म्हणून मला हे बाकी सर्वांपेक्षा जास्त मोलाचे वाटते. नवीन समिती निवडून आली आणि जुन्या ठरावांबद्दल वाद निघाला, तर अशी तयार वही हाताशी असणे फार उपयोगी पडते.

यात एक अडचण मराठी दफ्तरांना हमखास येते आणि तिची माहिती मोफत साधनांच्या याद्यांमध्ये सापडत नाही. तुमच्या संस्थेचे २०१० च्या सुमाराचे किंवा त्याआधीचे संगणकावरील कागद बहुधा श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉण्टमध्ये असतील. डोळ्यांना ती शुद्ध मराठी दिसते, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची असंबद्ध मालिका असते, कारण ते फॉण्ट युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतातले, नाहीत. अशी पीडीएफ थेट साधनाला दिली तर त्याला त्यातला मजकूर वाचता येत नाही, आणि काही वेळा ते तसे न सांगता अंदाजाने उत्तर देते. ओळखण्याची खूण सोपी आहे: पीडीएफमधील एक ओळ कॉपी करून ईमेलच्या रिकाम्या खिडकीत चिकटवा, मराठीऐवजी भलतीच चिन्हे उमटली तर फॉण्ट जुना आहे.

अशा वेळी कागदाची छापील प्रत स्कॅन करावी किंवा पानाचे चित्र करून घ्यावे, ते गूगल ड्राइव्हवर चढवावे आणि ‘गूगल डॉक्समध्ये उघडा’ हा पर्याय निवडावा. ड्राइव्ह चित्रातील मराठी अक्षरे ओळखून युनिकोड मजकूर तयार करते. स्वच्छ छपाई असेल तर परिणाम चांगला असतो. तक्ते मात्र विस्कटतात आणि रकमांचे रकाने एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ताळेबंदासाठी हा मार्ग वापरू नये. हाताने लिहिलेल्या प्रोसिडिंग बुकाचे (इतिवृत्ताच्या नोंदवहीचे) फोटो जेमिनायला दिल्यास ते बराचसा मजकूर वाचते, पण जोडाक्षरे आणि आकडे यांवर विश्वास ठेवू नये. देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत मी वारंवार पाहिली आहे. हस्तलिखित ठरावातील रक्कम नेहमी मूळ पानावरूनच घ्यावी. जुने दफ्तर एकदम करायला जाऊ नका; गेल्या पाच वर्षांची इतिवृत्ते आधी, बाकीचे गरज पडेल तसे.

हिशेबाबाबत माझे मत ठाम आहे: साधनाला बेरीज करायला लावू नये, बेरजेचे सूत्र लिहायला लावावे. ८४ सदस्यांची यादी चिकटवून ‘एकूण थकबाकी सांगा’ असे विचारल्यास आकडा बरोबर येईलही, येणारही नाही. पण ‘माझ्या एक्सेलमध्ये एका रकान्यात सदनिका क्रमांक, दुसऱ्यात देय दिनांक, तिसऱ्यात रक्कम आणि चौथ्यात भरल्याचा दिनांक आहे, वार्षिक १२ टक्के सरळ दराने उशिराच्या दिवसांचे व्याज काढणारे सूत्र द्या आणि प्रत्येक भाग काय करतो ते मराठीत समजावून सांगा’ असे विचारले तर सूत्र मिळते, गणित एक्सेल करते आणि तुम्ही दोन ओळी कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहू शकता. बँकेच्या उताऱ्यातील जमा रकमा सदस्यांशी जुळवण्याचे किचकट कामही अशाच सूत्राने बरेच हलके होते. यात आणखी एक फायदा आहे: सूत्र मागताना कोणाही सदस्याचे नाव किंवा रक्कम बाहेर द्यावी लागत नाही, कारण रकान्यांची वर्णने पुरतात.

यावरून गोपनीयतेकडे वळते. तुम्ही तुमच्या घरची माहिती कुठे द्यावी हा तुमचा प्रश्न आहे; संस्थेच्या दफ्तरातील माहिती मात्र ८४ कुटुंबांची आहे आणि ती तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेली आहे. मोफत आवृत्त्यांतील संभाषणे, तुम्ही बंद केले नाही तर, ती प्रणाली सुधारण्यासाठी वापरली जाऊ शकतात. चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये ‘डेटा कंट्रोल्स’ या भागात हे बंद करता येते. जेमिनायमध्ये संभाषणांची नोंद ठेवण्याचा पर्याय बंद करता येतो. हे दोन्ही आजच करा. त्यानंतरही आधार, पॅन, नामनिर्देशनाचे अर्ज, भाडेकरार, भागपत्रांच्या प्रती आणि सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक कोणत्याही मोफत साधनावर चढवू नयेत. थकबाकीच्या नोटिशीचा मसुदा करताना नावाच्या जागी ‘सदस्य क’ लिहावे आणि खरे नाव छपाईच्या वेळी घालावे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे. कायदा नसता तरी शेजाऱ्याची थकबाकी परक्या संगणकावर पाठवणे मला मान्य झाले नसते.

आता पैसे भरण्याविषयी. वर सांगितलेली सर्व कामे मोफत आवृत्त्यांत होतात. मोफत वापराला मर्यादा असतात: काही संदेशांनंतर साधन कमी क्षमतेच्या आवृत्तीवर जाते किंवा थांबायला सांगते, आणि दिवसाला ठरावीकच फायली चढवू देते. मराठी लिहिणाऱ्यांना ही मर्यादा पूर्वी लवकर गाठत असे, कारण देवनागरी मजकुराचे तुकडे, ज्यांना टोकन म्हणतात, इंग्रजीपेक्षा खूप जास्त पडत. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीच्या कंपनीने, ओपनएआयने, जीपीटी-४ओ हे नवे मॉडेल आणले तेव्हा त्यांनीच दाखवलेल्या उदाहरणात एका मराठी मजकुराला आधी ९६ टोकन लागत होते, ते ३३ वर आले. त्यामुळे परिस्थिती बरीच सुधारली आहे. तरी एका कामासाठी एक नवे संभाषण सुरू करावे. तीन आठवड्यांचे एकच लांब संभाषण चालवले की साधन आधीच्या सूचना विसरते आणि पाण्याच्या सूचनेत वाहनतळाचा मजकूर मिसळते. २०२५ मध्ये एअरटेलने परप्लेक्सिटी या एआय शोधसाधनाची, जिओने जेमिनायची सशुल्क आवृत्ती आपल्या ग्राहकांना ठरावीक मुदतीसाठी विनामूल्य दिली आणि ओपनएआयने भारतात चॅटजीपीटी गो ही सशुल्क आवृत्ती वर्षभरासाठी मोफत केली. अशी सवलत तुम्ही घेतली असेल तर जरूर वापरा, पण मुदत कधी संपते आणि खात्याला पैसे भरण्याचे माध्यम जोडले आहे का हे पाहून तारीख लिहून ठेवा.

तुमच्या जागी मी असते तर सात-आठ खात्यांपैकी दोनच ठेवली असती: मसुद्यांसाठी चॅटजीपीटी किंवा जेमिनाय यांपैकी एक, आणि दफ्तरासाठी नोटबुकएलएम. गूगल ड्राइव्ह आणि डॉक्स यांना वेगळे खाते लागत नाही. सुरुवात इतिवृत्तापासून करा, ते अंगवळणी पडले की वही तयार करायला घ्या. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये गेल्या पाच वर्षांचे ठराव वहीत आलेले असतील तर विषयपत्रिका करताना त्यांचा थेट उपयोग होईल.

आणि हे सगळे तुमच्या वैयक्तिक ईमेलवर करू नका. संस्थेच्या नावाचे स्वतंत्र गूगल खाते उघडा, त्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि खजिनदार यांच्याकडेही मोहोरबंद पाकिटात ठेवा, आणि हे खाते उघडल्याची व त्यात कोणती कागदपत्रे ठेवायची याची नोंद व्यवस्थापक समितीच्या ठरावात करून घ्या. सचिव बदलल्यावर दफ्तराचा ताबा देताना प्रोसिडिंग बुक आणि शिक्के यांच्या यादीतच हे खातेही लिहून देता येईल.